रामिरोची पहार

मी एक पहार बोलतेय. अमेरिकेतल्या टूसॉन शहरातल्या लोहारानं मला ट्रकच्या जुन्या अॅक्सलपासून घडवलं. रामिरोनं मला घेतलं तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या.

लोकांच्या अंगणात हिरवळ लावून द्यायची, हा त्याचा धंदा. इथं वाळवंटात वीतभर मातीखाली चुनखडीचा थर लागतो, सिमेंटला लाजवेल असा. तो फोडायचं काम माझं. मग रामिरो खड्ड्यात पाणी भरून ठेवायचा. सकाळपर्यंत ते जिरलं, तरच खत मिसळून माती सपाट करायची आणि मातीसकट गुंडाळून आणलेल्या तयार हिरवळीच्या वळकट्या अंथरायच्या. एवढा घाम गाळून लावलेल्या गवतावर मालक लोक फारसे फिरकत नाहीत, याचं मला नवल वाटायचं.

त्याच्या स्वतःच्या दारात मात्र नुसती धूळ. त्याची बायको एल्विरा रोज सकाळी झाडून सडा घालायची आणि टोमणा मारायची, "साऱ्या गावाला हिरवळ, मला फुफाटा. म्हाताऱ्या, मरायच्या आधी एकदा तरी गवतावर उताणी पडू देशील का?"

"आधी गिऱ्हाइकं, मग तू," तो हसून म्हणायचा. यात चाळीस वर्षं गेली.

अखेर धंदा सोडून त्यानं स्वतःचं अंगण खणायला घेतलं, तेव्हा हृदय साथ देईनासं झालं होतं.

मुलगा नेस्तोर म्हणाला, "बाबा, चार बोटं विकतची माती टाका वर आणि उरका की. खाली कोण बघतंय?"

"मुळं बघतात. पाणी तुंबलं की महिन्यात सगळं कुजेल. तुझ्या आईला कुजकं गवत देऊ?"

तो रोज थोडं थोडं फोडत राहिला. कोपऱ्यातल्या तुकड्यात पाणी जिरलं, त्या दिवशी स्वारी खुशीत होती. पुढच्याच आठवड्यात तो गेला. मी थरात रुतलेली तशीच उभी राहिले.

उरलेलं यंत्रानं फोडून देतो, असं नेस्तोर म्हणाला. एल्विरानं ऐकलं नाही. रामिरोनं तयार केलेल्या तेवढ्याच तुकड्यावर तिनं हिरवळ लावून घेतली. आता ती रोज संध्याकाळी तिथं जाऊन पडते.

"आई, अशी कडेला काय? मधोमध झोप की."

"राहू दे रे. त्याच्यासाठी अर्धी जागा सोडायची एवढ्या वर्षांची सवय आहे."

त्याच्या तळव्यांनी मी मधे गुळगुळीत झाले आहे. त्या हातांसाठी जीव तुटतो माझा. बाबांनो, तुमच्या घरात कुणी असं वाट पाहत असेल, तर गिऱ्हाइकांना जरा थांबवा. पहिला घाव आपल्या दारात घाला.