मार्गदर्शकांनी मागील रांगेत बसावे

सप्टेंबरातला तिसरा रविवार, दुपारची वेळ; स्थळ चिंचवडमधील एका सभागृहाचा मागचा व्हरांडा — आणि निरंजनच्या बोटांत, गळ्यातून नुकताच उतरवलेला बिल्ला. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली निळ्या शाईत ‘मार्गदर्शक’ असे छापलेले. त्याखालच्या रिकाम्या जागेत इतरांनी सकाळी नुसती आडनावे खरडली होती, त्याने मात्र वडिलांच्या नावासह स्वतःचे संपूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहिले होते. शाई वाळेपर्यंत बिल्ला हातात धरून तो उभा राहिला होता, हे त्याला आता आठवले… आणि ते कुणी पाहिले असेल काय, असा एक क्षुद्र विचार मनात येऊन गेला.

आत पुढच्या कंपनीचा गट घोषणा देत होता. टाळ्या वाजत होत्या. स्पर्धेची रीत साधी होती: कारखान्यातल्या एका लायनीवरच्या कामगारांनी आपल्या कामातला एक दोष निवडायचा, त्याचे कारण शोधायचे, उपाय करायचा आणि हे सारे परीक्षकांपुढे स्वतः मांडायचे. त्यांना शिकवणाऱ्याने मागील रांगेत बसावे आणि बोलू नये. एवढाच त्याच्यासाठी नियम होता. आणि बत्तीस वर्षे गुणवत्ता विभागात काढून निवृत्त झालेल्या, नियम म्हणजे काय हे इतरांना सांगण्यातच आयुष्य गेलेल्या निरंजनने तो तासाभरापूर्वी भर सभेत मोडला होता.

गटाने निवडलेला दोष होता जोडणीत तुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपांचा. प्रश्न अवघड नव्हता. “क्लिपा पहिल्या पाळीतच जास्त का तुटत होत्या?” असे परीक्षकांनी विचारले. विजयश्री, गटाची प्रमुख, माइकपाशी उभी होती. ती थांबली. किती वेळ थांबली? आता आठवू जाता तो अवकाश कधी एका श्वासाइतका वाटे, कधी असह्य लांब — तिने ओठ उघडले होते की नव्हते, याविषयी तर त्याची स्मृती दर खेपेस निराळी साक्ष देत होती. निश्चित एवढेच, की त्या शांततेत मागच्या रांगेतून एक आवाज उठला — ठाम, सुबक, पोटवाक्यांसह — रात्रभर कोरड्या भांडारात राहिल्याने प्लॅस्टिकमधली आर्द्रता उणावते आणि ते ठिसूळ होते, असे सांगणारा. वाक्य पुरे झाल्यावरच त्याला कळले की आपण उभे आहोत.

“हे उत्तर गटाचं म्हणून धरता येणार नाही,” परीक्षक म्हणाले होते. “सर, आपण बसून घ्या.” कुणीतरी हसले. तो बसला. पण विजयश्रीने मागे वळून पाहिले नाही… तिने पाहिले पहिल्या रांगेकडे, जिथे तिच्या कंपनीचे व्यवस्थापक बसले होते. गट पुढच्या फेरीत गेला तर लायन लीडरच्या जागेसाठी तुझे नाव पाठवतो, असे त्यांनी तिला सांगितले होते; दरवर्षी नव्याने होणाऱ्या कंत्राटातून बाहेर पडण्याची ही तिची एकमेव वाट होती. व्यवस्थापक मोबाइलकडे पाहत होते.

चार महिने दर गुरुवारी मी चिखलीला गेलो. वर्कशॉपच्या गल्लीतून, लोखंड कापण्याच्या आवाजातून, विजयश्रीच्या खोलीत, तिच्या गटाला शिकवायला. कुणी बोलावले नव्हते, मोबदला नव्हता. मी माझा वेळ दिला — हे वाक्य त्याने नातलगांत, सोसायटीच्या बाकावर, फोनवर मुलीशी, किती वेळा उच्चारले होते! पण ज्याच्यापाशी वेळेखेरीज काही उरलेले नाही, ज्याची दुपार त्याच्याच अंगावर येते, त्याने तो वेळ दिला म्हणजे नेमके काय दिले? दान आपल्याच गरजेच्या वस्तूचे असावे लागते. नकोशी वस्तू दुसऱ्याच्या दारात ठेवणे याला निराळा शब्द आहे.

तिची वाक्येही त्याने तिच्याजवळ राहू दिली नव्हती. ‘क्लिप दाबली की तुटते’ हे खोडून ‘जोडणीप्रसंगी क्लिपेस इजा पोहोचते’ असे केले, तेव्हा ती खळखळून हसली होती. “सर, लायनीवर कुणी असं बोलायलं तर त्याला आधी लिंबूपाणी देतेत.” आणि गटातल्याच, चिखलीच्या जुन्या घरातल्या यशोदाबाई, पदराने डोळे पुसत, “व्हय, आन् मग घरी सोडत्यात रिक्षानं!” तोही हसला होता. वाक्य मात्र बदलले नव्हते.

याच्याही खाली एक गोष्ट होती, आणि तिच्यापर्यंत तो मघापासून पोहोचत नव्हता. आर्द्रतेचे ते कारण त्याला जुलैपासून ठाऊक होते. हा प्रश्न येईल, हेही ठाऊक होते. दर गुरुवारी निघताना ‘पुढच्या वेळी सांगू’ असे म्हणत त्याने ते राखून ठेवले… कशासाठी? विसरलो, असे म्हणता आले असते. तो विसरला नव्हता. सारेच देऊन टाकले तर आपल्यापाशी काय राहील — असे काही तेव्हा मनात शब्दांत आले नव्हते, पण शब्दांत न येणारे खोटे असते, असा सिद्धांत मांडण्याचे धैर्य आज त्याच्यात नव्हते.

तरीही एक युक्तिवाद उरत होता. तिला उत्तर येत असेल, तर मी ते हिरावले. येत नसेल, तर मी तिला उघडे पडण्यापासून वाचवले. दुसरा पक्ष खरा ठरला तर अपराध अर्धा होतो. तो या अर्ध्याला घट्ट धरून उभा होता.

“सर, चहा.”

विजयश्री कागदी कप घेऊन आली होती. स्पर्धेसाठी घेतलेली निळी साडी तिला चालताना अजून अडवत होती. पलीकडे पायरीवर यशोदाबाई आणि इतर दोघी डबा उघडून बसल्या होत्या.

“विजयश्री, खरं सांग. त्या प्रश्नाचं उत्तर तुला येत होतं?”

तिने क्षणभर विचार केला. “नव्हतं येत.”

आणि त्याच्या छातीत काहीतरी सैल झाले, सुखाने सैल झाले — त्या सुखाची शरम वाटण्यापूर्वीच तो बोलून गेला होता, “मग मी बोललो नसतो तर—”

“तर मी म्हणले असते, माहीत नाही, बघून सांगते. रोज म्हणतेच की लायनीवर. म्हणायलाच लागले होते…”

माहीत नाही. हे शब्द तिच्या तोंडून त्याने चार महिन्यांत एकदाही ऐकले नव्हते. ती म्हणत नव्हती म्हणून नव्हे. तिच्या प्रत्येक थांबण्यात तो आधीच शिरत होता म्हणून. म्हणजे तिचे अज्ञानदेखील त्याने तिचे राहू दिले नव्हते. हातातला अर्धा अपराध नकळत वाढला, पुरता झाला, आणि आश्चर्य असे की तो पुरता होताच त्याच्या मनातला वकील प्रथमच गप्प बसला.

“ये गं विजे, निकाल सांगत्यात!” यशोदाबाईंनी हाक मारली. त्याच्याकडे त्यांनी पाहिले नाही.

ती दारापर्यंत गेली. वळली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“तुम्ही बोलायला नको होतं, सर.”