दोन मागांचं आंतरराष्ट्रीय कॉलेज

बाबनराव सोनकुसरे सत्तेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकले, आणि त्यानंतर त्यांच्या तावडीतून एकही अक्षर सुटलं नाही. सूत आणायला नागपूरच्या इतवारी बाजारात निघाले की दुकानांच्या पाट्या, टेंपोमागचे शेर, बिडीच्या कट्ट्यावरचा कागद, औषधाच्या बाटलीवरची ‘हलवून घ्यावे’ ही सूचना, सगळं बोट ठेवून मोठ्यानं वाचायचे. रात्रशाळेतल्या सिंधूताईंनी त्यांना बजावलं होतं, “आजवर न वाचता अंगठे दिले ते दिले. आता सही करायची तर शेवटपर्यंत वाचून करायची.” बाबनरावांनी ते इतकं मनावर घेतलं की त्यांना येताना पाहून रेशन दुकानदार भावफलक आत उचलून ठेवायचा.

घरात दोन हातमाग होते. एकावर ते स्वतः बसत. दुसरा, थोरला मुलगा कन्हानच्या खाणीत नोकरीला लागल्यापासून, रिकामा होता. बायको अनुसया चरखा फिरवून, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरून द्यायची. नवऱ्याला टोमणे मारण्याचं कामही त्याच वेळात उरकायचं, म्हणजे दिवस वाया जात नसे.

हे चौऱ्याऐंशी साल. लकडगंजात मधुकरराव नावाच्या गृहस्थांची आरागिरणी होती. सागवान कापता कापता त्यांना अचानक शिक्षणाचा कळवळा आला. त्या दिवसांत तो बऱ्याच जणांना येत होता. खाजगी कॉलेजं काढायला मोकळीक मिळाली होती आणि ज्याच्याजवळ चार भिंती अन् ओळखीचा एक आमदार होता, तो शिक्षणमहर्षी होऊन बसत होता. मधुकररावांजवळ भिंती तीनच होत्या, चौथ्या बाजूला लाकडाची थप्पी होती. पण माणूस हिंमतीचा. त्यांनी कॉलेजला ‘विश्वदीप आंतरराष्ट्रीय वस्त्रतंत्र महाविद्यालय’ असं नाव दिलं. नाव एवढं लांब होतं की पाटी इमारतीहून रुंद झाली.

एक दिवस ते फोटोग्राफर घेऊन बाबनरावांच्या दारात आले. मागांचे फोटो निघाले, सुताच्या गुंड्यांचे निघाले, अनुसयाच्या चरख्याचाही निघाला.

“बाबनराव, तुम्ही आजपासून प्राध्यापक,” मधुकरराव म्हणाले.

“कायचे?”

“विणकामाचे. विभागप्रमुख.”

“विभागात अजून कोन कोन हाये?”

“सध्या तुम्हीच. म्हणून तर प्रमुख.”

सोबत चार पानांचं नेमणूकपत्र होतं. मधुकररावांनी ते कुठल्याशा जुन्या कॉलेजच्या नियमपुस्तकातून जसंच्या तसं टाइप करून घेतलं होतं. न वाचता, हे सांगायला नको. बाबनरावांनी मात्र चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मधुकररावांचे तीन चहा झाले. सातवं कलम बाबनरावांनी दोनदा वाचलं, कारण त्यात ‘महाविद्यालयांतर’ असा एक शब्द होता आणि तो एका दमात पार होत नव्हता. मग त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी दारावर निळी पत्र्याची पाटी लागली. ‘प्रा. बाबनराव सोनकुसरे, विभागप्रमुख.’ खाली बारीक अक्षरात घर नंबर आणि गल्ली. स्वतःचं नाव इतक्या मोठ्या अक्षरात त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रोज सकाळी तोंड धुऊन झालं की ते बाहेर जाऊन ती पाटी एकदा वाचून येत.

“हेडसाहेब,” अनुसया आतून म्हणायची, “नाव पाठ झालं असन तं या आता. च्या थंडा होऊन राहिला.”

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, नागपूरचं डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा, त्या पाटीसमोर एक उंच, सडसडीत तरुण येऊन उभा राहिला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात छापील माहितीपुस्तक. त्याचं नाव इद्रिस. तो सुदानहून आला होता. वडिलांची नाईलच्या काठावर कापसाची शेती. त्यांच्याकडे कापूस पिकतो आणि कापड बाहेरून येतं, म्हणून पोरानं कापडाचा इंजिनियर व्हावं अशी बापाची इच्छा. मधुकररावांच्या ओळखीचा एक व्यापारी तिकडे खार्टूमला होता. त्यानं हे पुस्तक हातात ठेवलं, आणि बापानं वर्षाची फी आगाऊ भरून टाकली.

पुस्तकात तलावाकाठचं हॉस्टेल होतं. तलाव खरा होता, फक्त त्याच्या काठावरचा बंगला एका डॉक्टरांचा होता. ‘वर्षभर आल्हाददायक हवा’ असं छापलं होतं. इद्रिसला त्याचं फार वाटलं नाही, खार्टूमच्या माणसाला ऊन नवं नसतं. पण ‘अद्ययावत वस्त्र प्रयोगशाळा’ या नावाखाली बाबनरावांचा माग होता, आणि ‘सूतकताई विभाग’ या नावाखाली अनुसयाचा चरखा. चरख्याच्या कडेला अनुसयाचं अर्धं कोपरही आलं होतं.

इद्रिसनं पुस्तक पाहिलं, माग पाहिला, मग परत पुस्तक पाहिलं. बाबनरावांनी गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा दुभाष्या म्हणून धरून आणला.

“तो इचारते, बाकीचं कॉलेज कुठी हाये,” मुलगा म्हणाला.

 बाकीचं कॉलेज बाबनरावांनाही माहीत नव्हतं.

बाकीचं कॉलेज म्हणजे आरागिरणीच्या माडीवर दोन बाकं, प्राचार्यांची कुलूपबंद खोली आणि एक लोखंडी कपाट. प्राचार्य यायचे होते. कपाटात इद्रिसची सगळी मूळ प्रमाणपत्रं पहिल्याच दिवशी ‘तपासणीसाठी’ गेली आणि तिथंच राहिली. हॉस्टेल म्हणजे त्याच माडीमागची खोली. खालून दिवसभर भुसा उडायचा, वरणात पडायचा, आणि मधुकरराव सांगायचे की सागाचा आहे, बाधत नाही.

शहाण्या माणसानं अशा वेळी पाटी उलटी करून ठेवली असती. पण बाबनरावांचा एक अडाणी समज होता, की पाटीवर प्राध्यापक लिहिलं आहे म्हणजे शिकवायला पाहिजे. त्यांनी रिकामा माग पुसला, तेलपाणी केलं आणि इद्रिसला सकाळी सात वाजता यायला सांगितलं. माग खड्ड्याचा, म्हणजे पाय जमिनीतल्या खड्ड्यात सोडून बसायचं. इद्रिसचे पाय लांब, खड्डा हातभर आणखी खणावा लागला. संपूर्ण कॉलेजात तेवढंच एक बांधकाम झालं.

पोरगा हुशार. महिन्यात धागा सांधायला शिकला, दोन महिन्यांत सरळ काठ काढायला लागला. बाबनराव हात धरून शिकवायचे आणि तोंडानं बोलत राहायचे, त्यामुळे इद्रिसला जी भाषा आली ती थेट इतवारीमागच्या गल्लीची आली.

“मास्तर, धागा काहून तुटून राहिला?” तो विचारायचा.

“तू ओढून राहिला न गा. त्याले चालू दे, ओढू नको.”

अनुसया त्याला भाकर वाढायची आणि म्हणायची, “खा बाप्पा. इथी भुसा नाई.”

ऑगस्टमध्ये इद्रिस एक दिवस उशिरा आला आणि खड्ड्यात पाय न सोडता कडेलाच बसला. गावातल्या सरकारी कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांची एक जागा रिकामी होती. तिथल्या साहेबांनी त्याचे मार्क ऐकून लगेच घेतो म्हटलं होतं. पण मूळ कागद आणि सोडल्याचा दाखला एकतीस तारखेच्या आत पाहिजे. नाहीतर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर राहण्याचा परवानाही जाणार, कारण ज्या कॉलेजच्या नावावर परवाना होता तिथं शिकण्यासारखं काही नव्हतं.

“शेठले मागितले काय कागद?” बाबनरावांनी विचारलं.

“हाव. पाच वेळा.” इद्रिसनं बोटं दाखवली. “शेठ म्हनते, तू गेला तं आंतरराष्ट्रीय काय राहीन?”

मधुकररावांचंही एका अर्थी बरोबर होतं. एकोणतीस तारखेला मान्यतेची समिती यायची होती. कॉलेजच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ होतं आणि त्याच्या पुराव्यादाखल अख्ख्या कॉलेजात हा एकच मुलगा होता. तो गेला तर पाटी कापून लहान करावी लागली असती.

त्या संध्याकाळी बाबनरावांनी माग लवकर बंद केला. “मी समितीले सगळं खरं सांगून टाकतो,” ते अनुसयाला म्हणाले. “पाटी काढून त्यांच्या हातात देतो.”

अनुसयाचा हात चरख्यावर चालूच होता. “सांगा न. मंग काय होईन?”

“कॉलेज बंद होईन.”

“अन् कपाट?”

“कपाटाचं काय?” बाबनरावांनी विचारलं.

“कपाटाले सील लागन,” अनुसया म्हणाली. “पोराचे कागद सीलात. वर्षभर चौकशी. साहेब लोक खरं ऐकून खुश होतीन, पोट्टा मात्र जाईन घरी. आधी कागद काढा, खरं मंग सांगा. खरं काई नासत नाई दोन दिवसांत.”

बाबनराव उठले. ट्रंकेतून नेमणूकपत्र काढलं आणि दिव्याखाली बसून बोट फिरवत राहिले. सातव्या कलमावर बोट थांबलं. त्यांनी ते पुन्हा दोनदा वाचलं, या वेळी शब्द अवघड होता म्हणून नाही.

एकोणतीस तारखेला समिती आली. समितीचे प्रमुख गोपाळराव, निवृत्त प्राचार्य. सोबत टिपणं घेणारा एक गृहस्थ. आरागिरणीच्या माडीवर त्यांना संत्रा बर्फी, चिवडा आणि हार मिळाले, त्यामुळे चौथ्या भिंतीपर्यंत पाहायची गरज पडली नाही. करवत त्या दिवशी बंद होती. मूळ कागद समितीला दाखवायला म्हणून मधुकरराव ते एका फायलीत घालून बगलेत घेऊन आले आणि सगळे बाबनरावांच्या घरी, म्हणजे प्रयोगशाळेत, पोहोचले.

बाबनरावांनी धुतलेली टोपी घातली होती.

“विभागात यंत्रं किती?” गोपाळरावांनी विचारलं.

“दोन.”

“विद्यार्थी?”

“एक.”

टिपणं घेणाऱ्यानं लिहून घेतलं. मधुकररावांनी पुढं होऊन सांगितलं, “व्यक्तिगत लक्ष देता यावं म्हणून साहेब. गर्दीत शिक्षण होत नाही.”

“आणि प्रगती?”

बाबनरावांनी खुंटीवरचा पंचा काढून दिला. इद्रिसनं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं विणलेला होता. गोपाळरावांनी काठ बोटांत धरून पाहिला, उलटा करून पाहिला. त्यांचे आजोबा कधीकाळी विणकर असावेत, कारण बर्फी खाताना चेहऱ्यावर नव्हतं असं काहीतरी तेव्हा आलं.

“हा याने केला?”

“हाव साहेब,” इद्रिस म्हणाला. “काठ थोडा वाकडा हाये. मी ओढून राहिलो होतो.”

गोपाळरावांनी काठावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

“साहेब,” बाबनराव म्हणाले, “विभागप्रमुख म्हनून मले एक शिफारस करायची हाये.”

मधुकरराव हसले. विभागप्रमुखांनी शिफारस करावी, कॉलेज कसं खरं वाटतं.

बाबनरावांनी खिशातून नेमणूकपत्र काढलं, चष्मा लावला आणि बोट ठेवलं. “कलम सात. विद्यार्थ्याचे महा-विद्या-लयांतर विभागप्रमुखाच्या शिफारशीने त्याच दिवशी मंजूर करण्यात येईल, व त्याची मूळ कागदपत्रे व दाखला विनाविलंब परत करण्यात येतील.” मग चष्मा काढला. “या विभागात जेवढं शिकवता येत होतं तेवढं हा पोरगा शिकला. मी त्याची शिफारस करतो.”

मधुकररावांचं हसू जागच्या जागी वाळलं. हा माणूस विभागप्रमुख नाही असं म्हणावं तर कॉलेजात उरतं काय? विभागप्रमुख आहे म्हणावं तर बगलेतली फाइल द्यावी लागते. सागवानाच्या धंद्यात असा पेच त्यांच्यावर कधी आला नव्हता, लाकूड सहसा वाचून दाखवत नाही.

“ही सही आपलीच ना?” गोपाळरावांनी पत्र त्यांच्यासमोर धरलं.

“माझीच. पण साहेब, ते आपलं नियमाचं—”

“नियम उत्तम आहे. विद्यार्थ्याच्या हिताचा इतका विचार मी दुसऱ्या कॉलेजात पाहिला नाही. आपण स्वतः लिहिलाय?”

“हो,” मधुकरराव म्हणाले. दुसरं म्हणणार तरी काय.

दाखला तिथंच, मागाच्या फळीवर ठेवून लिहिला गेला. इद्रिसनं कागद एकेक करून मोजले, बाबनरावांनी त्याला प्रत्येकावर बोट ठेवून वाचायला लावलं. समितीला उशीर होत होता, पण घाई करायची कुणाची छाती झाली नाही. तीस तारखेला सरकारी कॉलेजात त्याचं नाव लागलं.

मग बाबनरावांनी ठरल्याप्रमाणे खरं सांगितलं. सिंधूताईंकडून शुद्धलेखन तपासून घेऊन समितीला दोन पानांचं पत्र पाठवलं, सोबत राजीनामा. उत्तर तीन महिन्यांनी आलं. ‘आपले पत्र मिळाले, योग्य त्या फायलीत ठेवले आहे.’ तोवर विश्वदीपला मान्यता मिळून गेली होती. अहवालात ‘विद्यार्थिहिताचे नियम विशेष उल्लेखनीय’ असा शेरा होता, असं मधुकररावांनीच वर्तमानपत्रात छापून आणलं.

पाटी बाबनरावांनी स्वतः उतरवली. उतरवायच्या आधी एकदा वाचली. मग दुसऱ्या मागाच्या खड्ड्यावर झाकण म्हणून ठेवली, अक्षरं खालच्या बाजूला करून. खड्डा उघडा राहिला की शेजारच्या कोंबड्या आत पडायच्या.

पुढच्या वर्षी नवं माहितीपुस्तक निघालं. पहिल्या पानावर इद्रिसचा फोटो, ‘आमचा यशस्वी परदेशी विद्यार्थी’. बाकी तलाव, बंगला, चरखा, अनुसयाचं कोपर, सगळं होतं तसंच. खर्च वाचवायला छपाईचे जुनेच ठोकळे वापरले होते, आणि वस्त्र विभागाचा पत्ताही जुनाच राहिला. घर नंबर आणि गल्लीसकट.

मे महिन्यापासून बाबनरावांच्या दारात परदेशी तिकिटांची पत्रं पडू लागली. इद्रिस रविवारी सरकारी हॉस्टेलमधून जेवायला यायचा. तो पत्रं वाचून सांगायचा, बाबनराव उत्तर सांगायचे, तो इंग्रजीत लिहायचा.

“लिह. आमच्याकडे दोन माग हायेत. हॉस्टेल नाई. फोटोतला बंगला डाक्टरचा हाये. विणकाम शिकायचं असन तं या, मी शिकवीन, फी नाई. इंजिनियर व्हायचं असन तं दुसरीकडे पाहा. अन् जिथं जासान तिथं आपले कागद कोनाच्या कपाटात ठेवू नका.”

“अन् खाली काय लिहू?”

“माजी विभागप्रमुख.”

“सोडवत नाई न अजून,” अनुसया चरख्यामागून म्हणाली.

सही करण्याआधी प्रत्येक पत्र बाबनराव इद्रिसकडून शब्दाशब्दाचा अर्थ विचारत ऐकायचे. असं एक पत्र एक तास घेई. त्या उन्हाळ्यात सव्वीस पत्रं गेली, आणि विश्वदीपमध्ये परदेशातून एकही मुलगा आला नाही.

जुलैत मधुकरराव इतवारीत भेटले. चेहरा उतरलेला. बाबनराव एका भांड्याच्या दुकानाची नवी पाटी वाचत उभे होते.

“काय सांगू बाबनराव,” मधुकरराव म्हणाले, “पाचशे पुस्तकं पाठवली बाहेर. एक उत्तर नाही. पोस्टाचं काही खरं राहिलं नाही.”

बाबनरावांनी पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत संपवली.

“हाव शेठ,” ते म्हणाले. “आजकाल वाचतेच कोन.”