काचेबाहेर आलेला काटा

मी मोटारीतला मीटर बोलतोय. स्टिअरिंगच्या मागे काचेखाली बसवलेली गोल तबकडी आणि तिच्यावर वेग दाखवणारा काटा. कारखान्यात तोंडावर काच बसली, तेव्हापासून मी आतच. गाडी गावोगाव हिंडली, मी मात्र एका जागी जखडलेला.

माझे मालक भाड्याची गाडी चालवायचे. ते माझ्याकडे कधी टक लावून बघत नसत. नजर रस्त्यावर, मला नुसती ओझरती. काटा सरळ उभा असला की बेताचा वेग, उजवीकडे कलला की पाय आपोआप वर यायचा. आकडा किती होता, हे विचारलं असतं तर बहुधा त्यांना सांगता आलं नसतं.

पुढे माझा काटा थरथरायला लागला. मालकांची मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिने हौसेने डिजिटल मीटर आणला. खोटं कशाला बोलू, गडी गुणी निघाला. आकडा लख्ख, दार उघडं राहिलं तर लगेच बोंब मारतो. मला कुठलं ते जमायला? मला उपटून काढलं. मालकांनी टाकून मात्र दिलं नाही. बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, इस्त्रीच्या मागे ठेवून दिलं. वायरी लोंबत होत्या. अंधारात पडल्या पडल्या घरातलं फक्त ऐकू यायचं.

तिथेच कळलं, मालकांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, पण वाचा गेली. आकडेही गेले. फोनवरचे, कॅलेंडरवरचे, सगळे आकडे म्हणजे त्यांना नुसते ओरखडे. एकदा ते फिरायला बाहेर पडले आणि घर सापडेना. तेव्हापासून मुलगी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावू लागली. मी कपाटात, ते खोलीत. ते दाराशी जात, कडी हलवून बघत, मग खुर्ची करकरायची.

एका संध्याकाळी मुलगी घरी आलेल्या वाचाउपचाराच्या बाईंना सांगत होती. दवाखान्यातून येताना गाडी वेगात होती. बाबा शेजारी बसून नव्या मीटरच्या स्क्रीनकडे बघत नाही नाही अशी मान हलवत होते. तिथला आकडा त्यांना काहीच सांगत नव्हता, पाय मात्र ब्रेक दाबल्यासारखा खाली रेटत होते. बाई म्हणाल्या, आकडे गेलेत, पण कमी-जास्त कळतंय की त्यांना. मुलगी उठली आणि तिने कपाट उघडलं.

ओळखीच्या मेकॅनिकने माझी काच काढली, स्प्रिंग सोडवली. आता काटा बोटाने सरकवला की तिथेच थांबतो. मुलीने मला टेबलावर ठेवून विचारलं, गुडघा किती दुखतोय? मालकांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग बोटाने काटा अर्ध्यापर्यंत नेला. मुलगी पाठ फिरवून गॅस बंद करायला गेली. गॅस पेटलेलाच नव्हता.

मग रोजचंच झालं. भूक किती, थंडी किती. भाजीत मीठ किती झालंय विचारलं, तर काटा पार टोकाला. मुलगी म्हणाली, उद्यापासून स्वयंपाक तुम्हीच करा. मालक हसले. हसण्याचा आवाज तेवढा शाबूत होता.

काल सुट्टीचा दिवस होता. ती समोर बसली. विचारायचं की नाही, असं तिचं चाललं होतं.

"बाबा, मी कुलूप लावून जाते, त्याचा त्रास होतो?"

मालकांनी काटा सरकवायला सुरुवात केली. अर्ध्याच्या पुढे, लाल पट्ट्याच्या पुढे, तबकडीच्या टोकाच्या खुंटीला टेकेपर्यंत. तिथेही बोट दाबून धरलं.

"पुन्हा हरवलात तर? मला भीती वाटते हो."

त्यांनी काटा मागे घेतला नाही. बोट काढलं, तिचा हात हातात घेतला आणि दाराकडे बघितलं.

तिने भिंतीवरची गाडीची किल्ली काढली. उद्या लॅबमध्ये विचारते, म्हणाली, अर्धा दिवस तरी तुमच्यासोबत थांबायला कुणी मिळतंय का. आज मात्र चला. कुलूप तिने खिडकीत ठेवून दिलं. दोघं जिना उतरले. खाली गाडी सुरू झाली, माझ्याशिवाय. तिथे आता दुसरा बसलाय, मला परत जाणं नाही. काच गेली, तरी मी या टेबलावर अडकलेलाच.

एवढंच मागणं आहे. टेबल पुसायला कुणी आलात, तर माझा काटा मागे सरकवू नका. ते म्हणणं माझं नाही, त्यांचं आहे.