वलांडीवर टांगलेली दलदल

डोळे मिटा पाहू जरा. समजा, तुम्ही मनोरीच्या किनाऱ्यावर उभे आहात. वाळूत बांबू रोवलेत आणि त्यांना आडवे दोर ताणून बांधलेत. त्या दोरांच्या रांगेला तिथले लोक वलांडी म्हणतात. एरवी वलांडीवर बोंबील वाळत असतात आणि वासानेच कळतं, आपण कुठे आलो ते. पण आज दोरांवर एकही बोंबील नाही. आज तिथे कागद फडफडतायत, नुसते कागदच कागद. आणि त्यांवर लिहिलंय, युरोपातल्या सरकारांनी आपापल्या दलदलींचं काय करायचं ठरवलंय ते! हसू आलं ना? मनोरीलाही आलं होतं. तेव्हा आता डोळे उघडा आणि हे कसं झालं ते ऐका.

ही साधारण सत्तर सालची गोष्ट. मनोरीला विनी नावाची मुलगी राहायची. चुणचुणीत, आणि गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिची आई सेराफिना मासळी वाळवून विकायची आणि घराची पुढची खोली सुट्टीसाठी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची. त्या डिसेंबरात पाहुण्या आल्या त्या रत्नप्रभाबाई. पार्ल्याच्या राहणाऱ्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. मार्व्याहून तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, आल्या तेव्हा कपड्यांची पिशवी एकच होती, बाकी ट्रंकाच ट्रंका.

"सोनं हाय काय यात?" ट्रंक उचलताना विनीने विचारलं.

"चिखल आहे," बाई म्हणाल्या.

ट्रंक उघडली तर आत कागद. नाकाजवळ धरले तर बिस्किटांचा वास! बाईंचं घर बिस्किटांच्या कारखान्याच्या वाऱ्यावर होतं ना.

"चिखल कुठाय?" विनी म्हणाली.

मग बाईंनी तिला समजावून सांगितलं. युरोपात थंड, ओल्या जागा असतात. तिथे शेवाळ मरतं, पण पाण्यामुळे नीट कुजत नाही. थरावर थर चढत हजारो वर्षांत त्याची काळी, मऊ माती होते. तिला म्हणतात पीट. लोक तिच्या विटा कापतात, वाळवतात आणि चुलीत घालतात.

"म्हणजे शेण्याच की!"

"अगदी शेण्या! पण शेणी उद्या पुन्हा थापता येते. हे पीट एकदा संपलं की संपलं. आणि दलदल वाळली, तर तिथली झाडं गेली, पक्षीही गेले."

विनी विचारात पडली. बोंबील वाळवला की टिकतो, हे तिला ठाऊक होतं. वाळवल्याने काही मरतं, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं.

आता प्रत्येक देशाचं सरकार या दलदलींबद्दल काही ना काही ठरवायचं. कुठे म्हणायचं चर खणा, पाणी काढा, झाडं लावा. कुठे म्हणायचं पीट कापून वीज करा. कुठे म्हणायचं हात लावू नका. हे सगळे नियम एकत्र कुणी केले नव्हते. परदेशातल्या अभ्यासकांच्या एका मंडळाने ते काम बाईंना दिलं होतं. बाई तरुणपणी तिकडे शिकल्या होत्या, दोन-तीन भाषा वाचत होत्या, आणि मुख्य म्हणजे त्यातल्या कुठल्याच देशाच्या नव्हत्या. भावाभावांची वाटणी करायला गावाबाहेरचा माणूस बोलावतात, तसं. बाईंनी एकेका नियमाचा एकेक कागद केला. वर स्वतःच्या सोयीसाठी एका ओळीत मराठीत सार लिहिलं आणि ज्या दलदलीबद्दल तो नियम होता तिच्या नावाखाली लाल रेघ मारली.

जमवणं झालं, पण लावणं होईना. बाईंनी खात्यांप्रमाणे चळती केल्या होत्या: शेती, जंगल, इंधन, पाणी आणि निसर्ग. एक कागद शेतीत ठेवला की तो पाण्यातही हवा असं वाटायचं. पाण्यात ठेवला की जंगल रुसायचं. आणि वेळ तर उरलाच नव्हता. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने त्या मंडळाच्या परिषदेला निघणार होती. गठ्ठा लावून आज तिच्या हाती पोचला नाही, तर दोन वर्षांची मेहनत ट्रंकेतच राहणार होती.

"सगळं एकदम डोळ्यांसमोर दिसलं ना, तर काही सुचेल," बाई हताशपणे म्हणाल्या. "पण एवढं मोठं टेबल आणू कुठून?"

"टेबल कशाला? वलांडी हाय ना!" विनी म्हणाली.

नाताळ नुकताच संपला होता. होड्या त्याच पहाटे समुद्रात गेल्या होत्या आणि दोर रिकामे होते. सेराफिनाने कमरेवर हात ठेवले. "बाई, घ्या वलांडी. पन एक सांगते, सांजंला भरतीला होड्या येतील. बोंबील वाट बगत नाय. तवा दोर मोकळा पायजेल."

"मोकळा करते," बाई म्हणाल्या.

घरोघरी जाऊन विनीने कपड्यांचे चिमटे गोळा केले. पाच चळती, पाच दोर. थोडे कागद लावून दाखवून बाई जेवायला आत गेल्या. "उरलेले तू लाव. ज्याचा त्याच्या दोरावर हं!"

विनी भराभर लावत सुटली. पण दुसरा दोर भरेपर्यंत चिमटे संपत आले. आता? तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. बोंबील कसा टांगतात? दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरावर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. एकटा बोंबील टांगतं का कुणी? तिने लावलेले कागदही सगळे खाली काढले आणि जोड्या जुळवायला बसली. खाती तिला कळत नव्हती. लाल रेघेवरचं नाव मात्र जुळवता येत होतं. एका गावचे दोघं भेटले की पाठीला पाठ लावून एका चिमट्यात, दोराच्या अल्याड-पल्याड.

बाई हात पुसत बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या. शेतीच्या दोरावर निसर्ग, जंगलाच्या दोरावर इंधन!

"अगं, हे काय केलंस! सगळ्या चळती मोडल्यास?"

सेराफिना धावत आली. "विने! वाट लावलीस ना बाईंची!"

वाळूत बसून जाळं विणणारा म्हातारा मार्कस खदखदून हसला. "पोरीनं सरकार वाळत घातलंय गो, सरकार! मीठ लावलंस का?"

विनीचे डोळे भरून आले. "ते... ते दोघं एकाच गावचे व्हते. म्हनून जोडी लावली. एकट्याला कसं टांगू?"

जोडी सोडवावी म्हणून बाईंनी पहिल्या चिमट्याला हात घातला. सोडवण्याआधी सवयीने अलीकडचा कागद वाचला: *चर खणून दलदल वाळवणाऱ्याला सरकार पैसे देईल.* मग पलीकडे जाऊन दुसरा वाचला: *दलदल पक्ष्यांसाठी राखीव, पाणी काढू नये.* दलदल तीच. सरकारही तेच.

बाईंचा हात चिमट्यावरच राहिला. त्या पुढच्या जोडीकडे गेल्या, मग तिच्या पुढच्या. आणि एकदम त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की मार्कसच्या हातातली सुई सुटली.

"विनी, अगं, हेच तर मला दिसत नव्हतं! हा कागद एका चळतीत होता, तो दुसऱ्या. दोघं कधी समोरासमोर आलेच नाहीत. एक खातं वाळवतंय, दुसरं भिजवतंय, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही!"

"आमच्या घरात तेच," मार्कस म्हणाला. "मी दार उघडतो, म्हातारी लावते. दाराचंच मरन."

मग काय! बाईंनी पदर खोचला. खाती गेली उडत. पहिला दोर भांडणाऱ्या जोड्यांचा. दुसरा, दोघंही वाळवा म्हणणाऱ्यांचा. तिसरा, दोघंही ओली ठेवा म्हणणाऱ्यांचा. आणि चौथ्यावर, ज्यांना जोडीच मिळाली नाही ते. गल्लीतली पोरं धावत आली. बाई वाचायच्या आणि पोरं ओरडायची, "भांडन!" नाहीतर "वाळलं!" नाहीतर "ओलं!" 'ओलं' आलं की सगळी टाळ्या पिटायची. पहिला दोर भरून वाकला. फिनलंड, आयर्लंड, जर्मनी ही नावं मनोरीच्या वाळूत त्याआधी एवढ्या मोठ्याने कुणी घेतली नसतील.

एकाएकी सेराफिना ओरडली, "शिडं दिसली! बाई, आवरा!"

नुसती धांदल उडाली. जोड्या सुटू द्यायच्या नव्हत्या, म्हणून विनी चिमटा काढायची आणि बाई लगेच टाचणी मारायच्या. एकेका दोराचा एकेक गठ्ठा झाला. मार्कसने जाळ्याच्या सुतळीने चारही गठ्ठे असे आवळले, की युरोपात ते सोडवायला नक्की कोयता लागला असेल. पहिली होडी वाळूला लागली तेव्हा शेवटचा दोर मोकळा झाला होता.

"घ्या तुमची वलांडी," बाई धापा टाकत म्हणाल्या.

सेराफिनाने एक गठ्ठा नाकाला लावला आणि तोंडाला पदर लावून हसली. "बाई, बिस्कुटाचा वास गेला हो. आता बोंबलाचा येतोय."

"येऊ दे! परिषदेत कळू दे त्यांना, कुणी लावलेत ते."

मार्व्याची होडी सुटायची वेळ झाली. गठ्ठे विद्यार्थिनीकडे पोचवायला होडीत चढताना बाईंनी विनीला जवळ घेतलं. "पहिल्या पानावर लिहिणार आहे मी, ही मांडणी विनीच्या पद्धतीची." मग वळून त्यांनी खाडीच्या काठच्या चिखलाकडे, गावच्या खाजणाकडे, बोट दाखवलं. तिथे तिवरांत बगळे उतरत होते. "आणि ह्या दलदलीचे नियम कुणी जमवलेत गं?"

होडी दूर जाईपर्यंत विनी हात हलवत राहिली आणि मग धावत घरी आली. वलांडीवर बोंबील चढायला लागले होते, जोडीजोडीने, चांदीसारखे चमकत. तिने शाळेच्या वहीचं एक पान फाडलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मनोरीचं खाजण'. खाली लाल रेघ मारली. शेवटच्या दोराच्या टोकाला, बोंबलांच्या शेजारी, ते चिमट्याने अडकवलं आणि त्याच्या जोडीदाराची जागा मोकळी ठेवली.

मग ती जाळं आवरणाऱ्या मार्कसपुढे जाऊन बसली. "सांग ना आज्या," ती म्हणाली, "आपल्या चिखलाला कोन कोन काय काय सांगतं?"