बैलासाठी फवारा

सागाचा बैल. दीड हात उंच. चाकं बसली, रंग नाही.

"आबा, याच्या पाठीवर ब्रशचे ओरखडे दिसून राह्यले." अर्पिता, वय सात.

शून्य पॉइंट आठ. एक पॉइंट चार.

घाटंजी-यवतमाळ एसटी. एक माणूस तीनदा जागा बदलतो.

बोटं किती? दोन. आता? दोन. (चार होती.)

हे सगळं एकाच माणसाचं आहे. नागोराव, अठ्ठावन्न वर्षांचा, कपाशी आणि तुरीचा शेतकरी. दोन वर्षांपूर्वी कपाशीत फवारताना वारा फिरला, औषध तोंडावर आलं आणि तासाभरात तो आडवा झाला. दवाखान्यात नऊ दिवस. पहिले चार दिवस डॉक्टरांची बोटंही मोजता येत नव्हती. नजर परत आली. पंप मात्र वच्छलाबाईनं, त्याच्या बायकोनं, भंगारात घातला.

तेव्हापासून फवारणीच्या दिवशी नागोराव घरी बसतो.

बसतो म्हणजे उठतो. बसतो. ओसरीत जातो. उठतो.

त्या बसण्याउठण्यातून बैल आला. तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, नात मिरवणार. ब्रशनं तीनदा रंगवला, तीनदा घासून काढला. मग महिनाभर मोबाइलवर एकच: रंग फवारायची गन. वच्छलाबाई म्हणाली, "मी संग येतो. मी पाह्यतो. मंग ठरवू."

म्हणजे गन घरात येणार की नाही, ते तिच्या हातात.

यवतमाळचं दुकान. दुकानदार रामलालनं मोठी गन काउंटरवर ठेवली. "काका, एक पॉइंट चार एमएमचं नोझल. कपाट मारा, गेट मारा, गाडी मारा. संग हवेचा कंप्रेसर, पन्नास लिटरच्या टाकीचा."

"मले बैल रंगवाचा हाय, रेल्वे नाई."

"मोठी टाकी बरी राह्यते ना काका."

"टाकीचं सोड. गन मिनिटाले किती हवा खाते? अन् कंप्रेसर किती देते?"

रामलालनं खोका फिरवून बारीक अक्षरं वाचली. गन जास्त खात होती, कंप्रेसर कमी देत होता. "पाच मिनिटं मारा, मंग जरा थांबा."

"मले थांबता नाई येत," नागोराव म्हणाला. वच्छलाबाई हसली, पण लगेच तोंड मिटलं, कारण रामलालनं गनमध्ये पाणी भरून पुठ्ठ्यावर मारलं होतं. धुकं दारापर्यंत गेलं. ती दोन पावलं मागे.

"हे नाई."

"काकू, पाणी हाय."

"मले समजते पाणी कोणतं ते. दुसरी दाखव."

दुसरी तळहाताएवढी. शून्य पॉइंट आठ. वर कपभर भांडं. हवा कमी खाते, दाब कमी लागतो, धुकं वीतभर.

"वीतभरच?"

"वीतभर, काकू. दाब वाढवला नाई तर. अन् मास्क लावाचाच. हा, हवा गाळणाऱ्या डबीवाला. फडकं नाई."

नागोरावनं गन घेतली. बोट खटक्यावर.

आणि हात आपोआप डावीकडून उजवीकडे, मनगटातून, झोके घेत, जसा ओळीतून चालताना जातो तसा. पाय पण चालू लागले. दुकानात! दोन पावलं, तीन, रंगाच्या डब्यांपर्यंत. पुठ्ठा मागेच राहिला, पाणी डब्यांवर.

"काका, हे कपाशी नोय! हात सरळ न्या. मनगट वळवू नका."

पुन्हा. पुन्हा झोका. गाल फुगलेले, चेहरा लाल.

"श्वास घ्या," वच्छलाबाई म्हणाली.

तो घेईना. खटका सुटला, गनच्या तोंडातून थेंब टपकत राहिले.

"अवो, श्वास घ्या म्हणतो ना मी!"

घेतला. मोठा, आवाज करत. गन काउंटरवर ठेवली, दारात गेला, परत आला, पुन्हा दारात गेला. "राहू दे. ब्रशनंच मारतो. ओरखडे तं ओरखडे. खऱ्या बैलाले नसतात काय?"

वच्छलाबाईनं गन उचलली. उभ्या भिंतीला मातीचा पोतारा देते तसा हात नेला: सरळ, न थांबता, एका अंतरावर. पुठ्ठ्यावर ओला पट्टा उमटला, कडेपासून कडेपर्यंत सारखा.

रामलाल म्हणाला, "काकू, तुम्ही दुकान टाका."

"हेच देजो," ती म्हणाली. "चालवीन मी."

"बैल माहा हाय," नागोराव दारातून.

"बैल तुमचा. फवारा माहा."

"अन् मी काय करू? बसू?"

"तुमाले कुठं बसता येते? रंग कालवा, गाळा. डोळे कसे काढाचे ते सांगा. अन् दूर उभे राहून बोंब मारा, इथं जाड झाला, तिथं ओघळ आला."

तो काउंटरपाशी आला. पुठ्ठ्यावरचा पट्टा बोटानं तपासला. टोकाशी बोट थांबलं.

"इथं ओघळ आला."

"हो का?"

"हो." मग रामलालला, "मास्क दोन दे. एक हिच्या मापाचा."

दोन वर्षांपूर्वी वारा फिरला तेव्हा वच्छलाबाई बांधावर पाणी भरत होती. वारा फिरलेला तिला कळला होता, आणि घागर भरू दे म्हणून तिनं हाक मारली नव्हती.