सागवानी जाळीआडची जागा

साल दोन हजार तेवीस. खंडेनवमीच्या दिवशी माझ्यावर करवत चालायची होती.

मी एक जुनी सागवानी जाळी आहे, मित्रांनो. तळेगावजवळच्या एका विद्यापीठाच्या दगडी इमारतीत, वाचनालय आणि व्हरांडा यांच्या मधोमध माझे आयुष्य गेले. आतल्याला बाहेरचे दिसे, बाहेरच्याला आतले नीट दिसत नसे. एके काळी पाहुणे माझ्या नक्षीवरून कौतुकाने हात फिरवत. पुढे तिच्यात नुसती धूळ साठली.

तरी माझ्या आडोशाला तनुजा यायची. चाकणकडच्या शेतकऱ्याची मुलगी. कंपनीत रात्रपाळी करून, गणवेशातच, थेट अभ्यासाला. पुस्तक उघडायची आणि थोड्या वेळाने माझ्या चौकटीला कपाळ टेकून डुलकी घ्यायची. ग्रंथपाल सुमनताई म्हणायच्या, "नीज गं बाई. तासाच्या आधी उठवते."

मग इमारत आतून नवी करायचे ठरले. वास्तुरचनाकार रणजीत सर म्हणाले, "सगळं कसं मोकळं हवं, आरपार दिसणारं." तनुजा बसायची त्या कोपऱ्याच्या दुसऱ्या बाजूची भिंत काढून तिथे काच लागली. त्याच दिवशी बाहेर मुले हसली.

"ए, फोटो काढ! शोकेसमध्ये झोपलीय बघ!"

तनुजा दचकून उठली. पुस्तके आवरून गेली, ती यायचीच बंद झाली. परीक्षा तोंडावर होती.

आता पाळी माझी. ठेकेदार ज्योतीराम घाईला आले.

"बन्सीभाऊ, आजच कापून टाका. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर काच बसवायचीय."

बन्सी सुतारांनी माझ्याच पायाशी हत्यारे मांडून झेंडू वाहिला होता. "करवत पूजेला बसलीय राव. आज न्हाई उचलणार."

"मग मशीनने कापा."

"त्यालाबी कुंकू लागलंय. सकाळी तुमच्याच हातानं लावलंत की!"

ज्योतीराम ओशाळून हसले.

तेवढा एक दिवस सुमनताईंना मिळाला. त्या कुलसचिवांकडे गेल्या. "काचा लावा साहेब, पण एक कोपरा जाळीचा राहू द्या. इथे कामावरून दमून पोरी येतात. त्यांनी काय चारचौघांत झोपायचं?"

साहेबांनी नकाशावरच्या त्या कोपऱ्यावर बोट ठेवले. मग म्हणाले, "अर्धी ठेवा."

माझा कापलेला अर्धा भाग कुठे गेला, मला ठाऊक नाही.

सुमनताई आता निवृत्त होऊन संत तुकाराम नगरात लेकीकडे असतात. बन्सी रावेतच्या नव्या इमारतींत दारे बसवतात. ज्योतीरामांनी दुसरे काम घेतले. रणजीत सरांनी नव्या केलेल्या या दालनाचे फोटो मासिकात आले, त्यांत मी नाही. तनुजाला सुमनताईंनी फोन करून बोलावले होते. ती आली, पास झाली, आता दिवसपाळीला असते.

तिच्या जागी हल्ली दुसरीच मुलगी डुलक्या घेते. माझ्या चौकटीवर कपाळांच्या तेलाचा एक काळसर डाग पडला आहे. मित्रांनो, काचा रोज लखलखीत पुसा. तो डाग मात्र राहू द्या.