परत पाठवलेलं मशीन

आईला श्वास पुरेनासा झाला तेव्हा डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. धाकटी लेक शिवणकाम करायची आणि आईजवळ राहायची. थोरला मुलगा दुसऱ्या शहरात विमा कंपनीत साहेब होता. लेकीनं त्याला फोन लावला. गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानात तसलं मशीन भाड्यानं मिळतं, आणू का, असं तिनं विचारलं.

"भाड्याबिड्याच्या भानगडीत पडू नकोस, चिमे," दादा म्हणाला. चाळिशी उलटली तरी त्याच्या लेखी ती चिमीच होती. "दहा जणांच्या नाकाला लागलेलं असतं ते. मी ऑनलाइन मागवतो. नवंकोरं येईल."

मशीन येतंय-येतंय म्हणत राहिलं. फोनवर सकाळी 'आज पोहोचेल' दिसायचं, संध्याकाळपर्यंत त्याचं 'उद्या' व्हायचं. आडवं झालं की आईचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून ती उशांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्याच डोळे मिटायची. मध्येच उघडून विचारायची, "आलं का गं ते?"

एका पहाटे आई गेली. मशीन त्याच दुपारी आलं.

घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी सही करून खोकं आत घेतलं आणि भिंतीला लावून ठेवलं. येणारे-जाणारे त्याच्यावर चहाचे पेले ठेवू लागले. शेजारच्या काकूंनी आत काय आहे ते विचारलं आणि कळल्यावर चुकचुकल्या, "वरातीमागून घोडं म्हणायचं, दुसरं काय." चिमीला ते ऐकू गेलं. दादालाही गेलं. दादा उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

परत जाताना तो म्हणाला, "ते खोकं पाठवून दे. उघडलेलंही नाही, पैसे पूर्ण मिळतील. मी विनंती टाकलीय."

खोकं न्यायला आलेला माणूस भलताच उंच होता, दारातून आत यायला त्याला मान वाकवावी लागली. चिमी तेव्हा आईची लुगडी निवडत बसली होती. त्यानं फोन काढून विचारलं, "परत का करताय, ताई? कारण निवडावं लागतं."

"जिच्यासाठी होतं ती राहिली नाही."

त्यानं यादी खालीवर केली. तसलं कारण त्यात नव्हतं. "'गरज नाही' असं टाकतो," तो हळूच म्हणाला. मग त्याचा फोन अडकला. पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरत राहिलं. "गोदामात पोचल्यावर नोंद करतो. तुम्हाला मेसेज येईल." त्यानं लेबल चिकटवलं, खोकं खांद्यावर घेतलं आणि मान वाकवून बाहेर पडला. पावती मागायचं चिमीला सुचलंच नाही. भिंतीजवळची जागा रिकामी झाली, एवढ्यानंच तिला बरं वाटलं.

मेसेज आला नाही. ऑनलाइन कंपनी म्हणाली, वस्तू आमच्याकडे पोचलेलीच नाही. कुरियरवाले म्हणाले, नोंद नाही म्हणजे उचललीच नाही. ज्यानं मशीन विकलं होतं त्यानं तर सरळ कानावर हात ठेवले. दादाचे रोज फोन सुरू झाले.

"तुझ्या हातून गेली ना वस्तू? मग एक कागद मागता येत नव्हता?"

"घरात काय चाललं होतं, दादा—"

"म्हणूनच सांगतो. लोक अशाच वेळी हात मारतात."

शेवटी कंपनीच्या एका बाईनं तिला फोन केला. आवाज गोड होता. "मॅडम, त्यानं पावती दिली होती का?" नाही. "तुमच्यासमोर स्कॅन केलं?" नाही. "मग तेवढंच लिहून द्या. पुढचं आम्ही बघतो."

चिमीनं तेवढंच लिहून दिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पैसे दादाच्या खात्यात परत आले. "बघितलंस? जोर लावला की सगळं होतं," तो म्हणाला.

आणि एका सकाळी तो उंच माणूस दारात उभा राहिला. या वेळी अंगात कंपनीचा शर्ट नव्हता.

"ताई, चोर म्हणून काढलं मला. तुमच्या कागदावर."

चिमीच्या हातातली कात्री तशीच राहिली. "मी चोर असं लिहिलं नव्हतं."

"तुम्ही नाही लिहिलं. त्यांनी वाचलं."

तिनं विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलंच. "तुम्ही घेतलं नाहीत ना?"

त्याला राग आला नाही. तो नुसता थकलेला दिसला. "घेऊन काय करू? माझ्या घरात सगळ्यांना धड श्वास येतो. गोदामात नेऊन ठेवलं मी. नोंद करायला गेलो तर स्कॅनर बंद. सुपरवायझर म्हणाला, ठेव तिथं, मी करतो. आता तो म्हणतो, मी बघितलंच नाही."

चिमी त्याच्याबरोबर निघाली.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड होती. फाटकी खोकी, चुरगळलेल्या पिशव्या, उलटी पडलेली खुर्ची, एकाच पायातला बूट असं सगळं एकमेकांवर रचलेलं. आत शिरताच कुणीतरी ओरडलं, "आला रे उंट!"

"मला इथं उंट म्हणतात," तो म्हणाला. "शेळ्या हाकणारे वर बसतात."

सुपरवायझर वरच्या काचेच्या खोलीत होता. चिमीनं त्याला आपण कोण ते सांगितलं. तो तिच्याशी अदबीनं बोलला.

"लेबल निघालं की माल बेवारस, मॅडम. कुणाचा, कुठला, काय कळणार? ढीग साचला की व्यापारी येतो, सगळा एकगठ्ठा घेऊन जातो."

"त्यात ऑक्सिजनचं मशीन होतं?"

"असेलही. उघडून कोण बघतं?"

"म्हणजे यांनी आणून ठेवलं असेल."

"असेल ना. नाही कुठं म्हणतो मी?" त्यानं खुर्ची पुढे ओढली. "पण कंपनी मला विचारणार, माल कुठाय. मी कुणाचं तरी नाव देणार. माझं देऊ का? मलाही पोरंबाळं आहेत." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुम्हाला तुमचे पैसे मिळाले ना? आता जबाब बदललात तर प्रकरण पुन्हा उघडेल आणि पैसे परत घेतील. विचार करा."

पैसे दादाचे होते. चिमी शेडबाहेर आली आणि तिथूनच तिनं फोन लावला. दादानं सगळं ऐकून घेतलं.

"आपला काय संबंध? त्यांचं ते बघून घेतील."

"त्याची नोकरी गेली, दादा. माझ्या लिहिण्यानं."

"पैसे माझे आहेत, चिमे. आणि ती वस्तू तुझ्या बेफिकिरीनं गेली."

"वस्तू, वस्तू काय लावलंयस!" तिचा आवाज चढला. सामान उतरवणारे वळून बघायला लागले. "ती वस्तू वेळेवर आली असती तर परत पाठवायची वेळ आली नसती. भाड्याचं नको कोण म्हणालं होतं?"

मग दादा अगदी सावकाश म्हणाला, "मी म्हणालो. मी इथं होतो, चिमे. तू तिथं होतीस. तिची तडफड तुला दिसत होती. दुकान तुझ्या गल्लीत होतं. मग माझं कशाला ऐकलंस?"

आईचा श्वास रोज आखूड होताना तिनं पाहिला होता. एकदा ती पर्स घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत गेलीही होती, पण दादा चिडेल म्हणून तशीच माघारी फिरली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. फोन कुणी आधी ठेवला ते तिला आठवत नाही.

ती पुन्हा आत गेली. एका फुटक्या खोक्यावर बसून तिनं लिहून दिलं की या माणसानं मशीन माझ्या घरातून नेलं, आणि गोदामात ते पोचलं असावं असं तुमचे सुपरवायझर माझ्यासमोर बोलले. सुपरवायझरनं वाचलं, डोकं हलवलं आणि म्हणाला, "एवढा पुळका का, मॅडम?"

तिनं सही केली.

कंपनीनं दादाच्या खात्यातून पैसे काढून घेतले. चौकशी चालू असल्याची पत्रं आली, मग तीही येईनाशी झाली. उंच माणसाच्या नावापुढचा चोरीचा शेरा निघाला, पण तोवर त्याच्या जागेवर दुसरा माणूस घेतला होता. हे सांगायला तो स्वतः येऊन गेला. चिमीनं चहा केला, तो त्यानं दारातच उभ्यानं घेतला.

"माझ्यामुळे झालं सगळं," ती म्हणाली.

"थोडं तुमच्यामुळे," तो म्हणाला. तिचं मन राखायला तो खोटं बोलला नाही. पेला खाली ठेवून तो जिना उतरून गेला.

दादाचा फोन पुढे कितीतरी दिवसांनी आला. पाठदुखी कशी आहे, शिवणकाम मिळतं का, नळाला पाणी येतं का, असं तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली. आईचं नाव दोघांनीही काढलं नाही. अजूनही काढत नाहीत.